तिसऱ्यांदा माफी

कफन शिवताना दोऱ्याला गाठ मारायची नसते आणि कपड्याला खिसा ठेवायचा नसतो. गेलेल्या माणसाला कशात अडकवून ठेवायचं नाही म्हणून गाठ नाही, आणि बरोबर न्यायचं काही नसतं म्हणून खिसा नाही. प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत बसून काकीने अख्ख्या ज्यू जमातीची कफनं शिवली होती. सासूचं शिवलं, नवऱ्याचं शिवलं, जिच्याशी जन्मभर विस्तव जात नव्हता त्या शेजारणीचंही शिवलं, आणि तेही नेहमीपेक्षा बारीक टाक्यांनी. आता तिचे डोळे अधू झाले होते, पण या कामाला पुढे कोणी येत नव्हतं. मेलेल्यांचे कपडे म्हटलं की तरण्या सुनांना घरातली सगळी कामं एकदम आठवायची.

त्याच खोलीत, मोठ्या उपासाच्या आधीच्या महिन्यात, तिचा दीर माफी मागायला आला.

दिराला सगळे मास्तर म्हणत. तेरा वर्षांचा झालेला जमातीतला प्रत्येक मुलगा त्यांच्या हाताखाली तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, वाचायला शिकला होता. शब्बाथला, शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, तिची चर्मपत्राची गुंडाळी उघडून, चांदीचा छोटा हात ओळीवरून फिरवत ते वाचत, तेव्हा बायका पदराने डोळे टिपत. चर्मपत्राला बोट लावायचं नाही म्हणून तो चांदीचा हात. त्याचं पुढे केलेलं एक बोट ओळ दाखवतं. मास्तर वाणीने गोड आणि चेहऱ्याने असे साळसूद, की देवाने एखाद्या दिवशी रजा घेतली तर त्यांना खुर्चीवर बसवायला जमातीची हरकत नसती. पण उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, आणि तेव्हापासून त्यांना रात्रीची झोप नव्हती.

मोठ्या उपासाच्या दिवशी देव माफ करतो ते त्याच्याविरुद्ध केलेलं. माणसाने माणसाचं केलेलं वाईट देवाच्या हातात नसतं. ज्याला दुखावलं त्याच्या दारात जावं लागतं, आणि त्याने नाही म्हटलं तर तिघांना सोबत घेऊन पुन्हा, आणि तरी नाही म्हटलं तर पुन्हा. तीनदा नकार मिळाला की मागणारा सुटला. मग पाप नकार देणाऱ्याच्या माथी. मास्तरांनी हे मुलांना इतक्या वेळा शिकवलं होतं, की त्यातली सोय त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती.

"वहिनी," दारातच उभं राहून ते म्हणाले, "कळत नकळत काही बोललो असेन, वागलो असेन, तर मोठ्या मनाने माफ करा."

काकीने कात्री खाली ठेवली. "कशाबद्दल, भाऊजी?"

"असंच. आयुष्यात काही ना काही होतंच."

"मी मेलेल्या बाईला आंघोळ घालते ना, तेव्हा तिचीसुद्धा नाव घेऊन माफी मागते. अमकीच्या लेकी, तुला धुताना काही चुकलं असेल तर माफ कर, म्हणते. ती ऐकत नाही, तरी म्हणते. तुम्ही तर जिवंत बाईची माफी मागताय. निदान कशाबद्दल ते तरी तोंडातून काढा."

मास्तरांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर, खिडकीवर, कापडाच्या ताग्यावर. फक्त तिच्यावर नाही. मग छातीवर हात ठेवून, डॉक्टरांनी दगदग नको म्हटलंय, असं पुटपुटत निघून गेले.

कशाबद्दल ते दोघांनाही ठाऊक होतं.

तीस वर्षांपूर्वी एका सणाच्या दुसऱ्या दिवशी तो चांदीचा हात नाहीसा झाल्याचं कळलं होतं. चांदी घासायचं काम काकीच्या मुलाकडे होतं, कपाटाची किल्लीही त्याच्याकडेच. पोरगा विशीचा, जरा तोंडाळ, सिगारेट ओढताना दोनदा पकडलेला. म्हणजे चोर म्हणून अगदी तयार मालच. मास्तरांनी सगळ्यांसमोर म्हटलं की किल्ली ज्याच्याकडे, त्याला विचारा. बस्स, तेवढंच म्हटलं. विचारायचं काम त्याच्या बापाने केलं, पट्ट्याने. पोरगा त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरात निघून गेला, लिफ्ट दुरुस्त करायला शिकला, आणि परत आला नाही.

पुढच्या वर्षी तो हात सापडला. प्रार्थनाघरात एक जुनी तोरा होती, वर्षातून एकाच सणाला बाहेर काढायची. सणाआधी ती नेमक्या ओळीपर्यंत फिरवून ठेवायची असते, आणि ते काम मास्तर एकटेच करत. आदल्या वर्षी वाचून झाल्यावर गुंडाळी मिटताना चांदीचा हात आतच राहिला होता. त्यावर पट्टा बांधला गेला, मखमली आवरण चढलं, आणि तो वर्षभर देवाच्या कपाटात देवाच्याच शब्दांवर झोपून होता. मिटणारे मास्तर, उघडणारेही मास्तर. त्यांनी तो काढला, घासला, आणि एका नाव न सांगणाऱ्या दात्याने नवीन दिला असं जाहीर केलं. जमातीने त्या दात्यासाठी प्रार्थनाही केली.

काकीने तो दुसऱ्याच दिवशी ओळखला. तिच्या मुलाने तेराव्या वर्षी पहिल्यांदा वाचताना तो पाडला होता, मनगटापाशी तो तुटला होता, आणि चांदीच्या कारागिराकडे तो जोडून घ्यायला तीच गेली होती. तिने मास्तरांना गाठून विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग तो कुठे सापडला ते सांगून ते म्हणाले, "पोरगा तर गेलाच आहे, वहिनी. आता मी बोललो तर त्याचं काय भलं होणार? उगाच माझंही जाईल." तिने नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला माझ्या भावावर शिंतोडे उडवू नकोस. कमिटीला सांगितलं, कमिटी म्हणाली की आईचं काळीज आहे, समजू शकतो. त्यानंतर महिनाभर मास्तरांनी शब्बाथच्या दुपारी निंदा हे कसं महापाप आहे यावर प्रवचनं दिली. काकी पुढच्याच बाकावर बसून ऐकत होती.

मुलगा दर शुक्रवारी, संध्याकाळी शब्बाथ लागण्याआधी, फोन करायचा. बापाच्या मरणालाही तो आला नाही. आपल्या खोलीत एकटाच खाली जमिनीवर बसून त्याने सुतक पाळलं. "काका तिथे उभे राहून सगळ्यांना खरं सांगतील, त्या दिवशी येईन," इतकंच तो म्हणायचा, आणि वर्षं गेली तशी ते म्हणणंही त्याने सोडून दिलं. काकी मात्र त्यावरच जगत होती. डोळे मिटायच्या आत पोरगा घरात यावा, आपल्या हातचं जेवावा, आणि रस्त्यातून मान वर करून चालावा, याखेरीज तिला या जगाकडून काही नको होतं.

दुसऱ्यांदा मास्तर आले ते तिघांना घेऊन. एक निवृत्त दंतवैद्य, एक चष्म्याच्या दुकानाचे मालक, आणि तिसरे कमिटीचे अध्यक्ष, जे कुठेही गेले तरी आधी खुर्ची शोधत. काकीने चौघांना चहा दिला. मास्तरांनी पुन्हा तेच गुळगुळीत वाक्य म्हटलं, कळत नकळत.

"नाही," काकी म्हणाली.

दंतवैद्यांनी कप खाली ठेवला. "काकी, अहो, त्यांचं ऑपरेशन झालंय."

"माहीत आहे. मी डबा पाठवत होते."

"मग इतकं कठीण काळीज बरं नाही. तुम्ही थोरामोठ्या, लोक तुमच्याकडे बघतात."

काकीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी दुखावल्यासारखी मान खाली घातली होती, आणि कप रिकामा झाला होता. आठवड्याच्या आत जमातभर झालं, की काकी माफ करत नाही. भाजी घेताना, जिन्यात, डॉक्टरच्या रांगेत बायका तिला हळू आवाजात समजावू लागल्या. राग मनात ठेवल्याने रक्तदाब वाढतो, असंही एकीने सांगितलं. आता एकच वेळ उरली होती. तिसरा नकार दिला की मास्तर धुतल्या तांदळासारखे मोकळे, आणि पोराचं नाव कायमचं चिखलात.

जमातीत त्या वर्षी 'थोरांचे बोल' नावाचा कार्यक्रम चालू झाला होता. कमिटीच्या सेक्रेटरीबाई, विमा कंपनीत काम करणाऱ्या आणि सदा घाईत असलेल्या, त्यांची ती कल्पना. म्हातारी माणसं चालली, त्यांचं शहाणपण त्यांच्याबरोबर जायला नको, म्हणून एकेकाला सभागृहात बसवायचं, बोलतं करायचं, फोनवर चित्रण करायचं आणि जमातीच्या मुलामुलींना पाठवायचं. दंतवैद्यांनी पाऊण तास उपास आणि हिरड्या यांवर शहाणपण दिलं. काकीलाही बोलावलं होतं. ती कफनाच्या खिशाबद्दल बोलली. सेक्रेटरीबाईंनी नंतर ते वगळलं, कारण विषय जरा आनंदी हवा होता. शेवटचा मान मास्तरांचा, मोठ्या उपासाच्या आदल्या रविवारी. विषय होता क्षमा.

त्याच्या तीन दिवस आधी मास्तर तिसऱ्यांदा आले, पण एकटेच, आणि माफी मागायला नाही. ते खाली बसले.

"वहिनी, मला भीती वाटते," ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी कुठल्याही प्रवचनातून आणलेलं नव्हतं. "रात्री छाती भरून येते. असाच गेलो तर?"

"मग सांगून टाका ना, भाऊजी. एका वाक्याचं तर काम आहे."

"सांगतो. रविवारी सगळ्यांसमोर सांगतो. पण आधी तुम्ही माफ करा. तिथेच, लोकांसमोर. तुम्ही माफ केलंत की माझी जीभ मोकळी होईल. नाहीतर उभं राहिल्यावर माझे पाय लटपटतील, मला ठाऊक आहे."

काकीने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "पोराला बोलावू?"

मास्तरांनी डोळे पुसले. "बोलवा. त्यालाही ऐकू दे."

त्यांना त्या क्षणी खरंच सांगायचं होतं की नाही हे एका देवालाच माहीत, आणि तो अशा बाबतीत साक्षीला येत नाही. काकीने मात्र विश्वास ठेवला. उपासाला घाबरलेला माणूस उपासाच्या तोंडावर खोटं बोलणार नाही, असा तिचा हिशेब. मेलेल्यांबरोबर आयुष्य काढलेल्या बाईला जिवंतांची पारख कमी, असं म्हणून सोडून द्यावं झालं.

शुक्रवारी फोनवर तिने मुलाला सांगितलं. त्याने तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग तो म्हणाला, "नक्की म्हणाले? शब्द दिला?" आणि मग, "येतो आई." तिने शब्बाथचे दिवे लावले तेव्हा तिची काडी दोनदा विझली.

रविवारी सभागृह भरलं होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या, आतली बाकं ओढून आणली. मुलगा थेट स्टेशनवरून आला आणि मागच्या रांगेत बसला. केस पांढरे, पोट जरा सुटलेलं, अंगावर इस्त्रीच्या घड्या न मोडलेला नवा शर्ट. काकीने त्याला लांबूनच पाहिलं. जवळ जायचं तिने मुद्दाम टाळलं. आधी ते वाक्य होऊ दे, मग पोटभर बघीन, असं ठरवलं होतं. पण त्याची मान बापासारखीच डाव्या अंगाला कलते हे दिसल्यावर तिला खुर्चीचा दांडा धरावा लागला. बाकीच्यांनीही त्याला ओळखलं. कुजबुज रांगेरांगेने पुढे सरकली. त्याच्या शेजारच्या बाईने त्याच्याकडे पाहून छान हसून घेतलं आणि पर्स मांडीवर घेतली.

मास्तर बोलायला उभे राहिले, आणि खरं सांगायचं तर ते सुंदर बोलले. क्षमा मागणाऱ्याची लाज, क्षमा करणाऱ्याचा मोठेपणा. मग त्यांनी दंतवैद्य, दुकानदार आणि अध्यक्ष या तिघांना पुढे बोलावलं, काकीसमोर येऊन उभे राहिले आणि हात जोडले.

"वहिनी, मी तुम्हाला दुखावलं. मला माफ करा."

कळत नकळत हे शब्द या वेळी नव्हते. काकीला वाटलं, चला, सुरुवात झाली. रीत असते तसं तिने तीनदा म्हटलं, "माफ केलं. माफ केलं. माफ केलं." सभागृहात कोणीतरी हुंदका दिला. सेक्रेटरीबाईंनी फोनचा स्टँड उचलून अर्धा फूट पुढे आणला.

मास्तरांनी खोल श्वास घेतला. काकीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे. मुलगा पुढे झुकून बसला होता, हात गुडघ्यांवर घट्ट.

मास्तरांनीही मागे पाहिलं. त्यांची नजर भरलेल्या खुर्च्यांवरून फिरली, नातवंडांवर थांबली, फोनच्या काचेवर थांबली. घरात एका वाक्याचं वाटलेलं काम इथे डोंगराएवढं दिसलं असणार. ते घसा खाकरून म्हणाले, "आता तुम्ही विचाराल, मास्तर, असं काय केलं होतंत? तर मुलांनो, हेच आजचं शहाणपण. ज्याने माफी मागितली आणि ज्याला ती मिळाली, त्याला त्याचं जुनं काही आठवूनसुद्धा द्यायचं नसतं. आपल्या थोरांनी ते पाप मानलंय. माफ केलेलं पुन्हा तोंडातून काढायचं नाही. ते संपलं."

टाळ्या पडल्या. काकी उभी राहिली. "भाऊजी," ती म्हणाली, "सांगा. तुम्ही म्हणाला होतात. तो हात जुन्या तोरेत होता. तुम्हीच मिटला होता आत."

टाळ्यांमुळे पहिल्या दोन रांगांनीच ऐकलं. दंतवैद्यांनी तिचा दंड हलकेच धरला. "काकी, काकी. आत्ताच तर माफ केलंत ना? आता काय हे?" अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. सेक्रेटरीबाई तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "छान झालंय हो सगळं, बिघडवू नका. हे मी काढून टाकीन, काळजी करू नका."

आणि मास्तरांचे जे पाय लटपटणार होते, ते टाळ्यांच्या जोरावर सभागृहाच्या मधल्या वाटेने भराभर चालत मागच्या रांगेपर्यंत गेले. माणूस एकदा उतारावर सुटला की त्याला स्वतःलाही थांबवता येत नाही. त्यांनी पुतण्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले.

"इतक्या वर्षांनी आलास, बाळा," ते म्हणाले, आणि त्यांचा वाचायचा आवाज भिंतींपर्यंत पोचला. "तुझ्या आईने मला माफ केलं. मीही तुला माफ केलं. आम्ही सगळ्यांनी तुला माफ केलं."

सगळं सभागृह वळून बघत होतं. बायकांचे डोळे भरले होते. चोर परत आला होता, आणि त्याला पोटात घेण्याएवढी आपली जमात मोठी आहे, हे पाहून लोकांना स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. मुलाने काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावरून त्याने आईकडे पाहिलं. ती पुढे, दंतवैद्यांच्या हाताला धरून उभी होती, वाकलेली, त्याच्या आठवणीतल्या आईच्या अर्धी. तोंड उघडं, आणि मान नाही नाही म्हणून हलत होती. लांबून ते म्हातारपणाच्या कंपासारखंच दिसत होतं.

"हो काका," तो म्हणाला. "चूक झाली माझी तेव्हा."

मग काय विचारता. मिठ्या झाल्या, बिस्किटं वाटली गेली, चहाचं पिंप दोनदा भरलं. अध्यक्षांनी त्याला आपली खुर्ची दिली, आणि ही गोष्ट त्यांनी आजवर कोणासाठी केली नव्हती.

मायलेक घरी आले. काकीने सकाळीच रांधून ठेवलं होतं ते गरम केलं. मुलगा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. लहानपणी बसायचा त्याच बाजूला बसला, पण आता तिथे त्याचे पाय मावत नव्हते.

"का म्हणालास तसं?" तिने पाठमोरंच विचारलं.

"तू त्यांना माफ करून मोकळी झालीस. मी तिथे कोणासाठी भांडत उभा राहणार होतो?"

"मला म्हणाले होते की आधी माफ करा, मग सांगतो."

त्याने कपाळ चोळलं. "आणि तू ऐकलंस."

"ऐकलं."

"मला वाटलं, तुला मी घरी यायला हवा होतो, खरंखोटं काही का होईना. म्हणून तू त्यांच्याशी मिटवलंस. म्हटलं, म्हातारी झालीय, किती दिवस राहिलेत, कशाला तिला ताटकळत ठेवायचं." तो जरासा हसला. "मी तुझ्यासाठी म्हणालो, आई."

काकीने गॅस बंद केला आणि त्याच्याकडे वळली. "मी उद्या दारोदार जाते. एकेकाला सांगते. उपासाच्या दिवशी सगळी जमात असेल, तिथे उभी राहते आणि सांगते. मला कोण अडवतंय ते बघते."

"नको."

"का नको? खरं आहे ते."

"आज मी सगळ्यांसमोर कबूल केलंय. त्याचं चित्रणसुद्धा आहे. उद्या तू म्हणालीस की याने घेतलाच नव्हता, तर लोक काय म्हणतील? आधी चोर होता, आता खोटारडाही. आणि आई त्याला सामील." त्याने ताट जवळ ओढलं. "निदान आता मला येता येईल. दर महिन्याला येत जाईन. वाढ, भूक लागलीय."

तिने वाढलं. तो खाली मान घालून जेवू लागला. इतकी वर्षं जे मागितलं होतं ते तिच्यासमोर बसून घास घेत होतं, आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. फोन वाजला. सेक्रेटरीबाईंचा होता. 'थोरांचे बोल'चा हा भाग सगळ्या मुलांना पाठवतेय, पुढच्या वर्षीच्या वर्गात शिकवायलाही घेणार, तर तुमच्या मुलाचा लहानपणीचा एखादा फोटो आहे का, असं त्या विचारत होत्या. बघते, म्हणून काकीने फोन ठेवला.

"कोण होतं?" मुलाने विचारलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "आणखी घेतोस?"